आभारांच्या आधीचा माणूस

जिल्हा आवृत्तीतल्या कार्यक्रमाच्या बातमीचा शेवट ठरलेला असतो. दीपप्रज्वलन कोणी केलं, मंचावर कोण कोण होतं, कोणत्या पुढाऱ्यानं कोणता रस्ता मंजूर करून आणतो म्हणून सांगितलं, हे सगळं झालं की शेवटची ओळ येते : सूत्रसंचालन अमुक सरांनी केले, तर आभार तमुक सरांनी मानले. पानावर जागा कमी पडली की उपसंपादकाची कात्री आधी याच ओळीवर चालते. गंमत अशी, की ज्याचं नाव असं उडतं तोच त्या तीन तासांत सगळ्यांपेक्षा जास्त बोललेला असतो. कार्यक्रम रंगला तर श्रेय पाहुण्यांचं, आणि पडला तर 'अँकर बरा नव्हता'.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातलं कडा हे असे कार्यक्रम सदा होत असणारं गाव. जिल्हा बीड असला तरी नगर जवळ, त्यामुळे मोठी खरेदी नगरला, दवाखाना नगरला आणि कचेरीचं काम मात्र बीडला, अशी इथली विभागणी. गावात बाजार समिती आहे, अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा आहेत, महाविद्यालय आहे. 23 सप्टेंबर 2022 ला अहमदनगर ते न्यू आष्टी हा सुमारे 66 किलोमीटरचा रेल्वेमार्ग सुरू झाला आणि कडा हे नाव रेल्वेच्या पाटीवर आलं. शाळा-कॉलेज म्हणजे स्नेहसंमेलन आणि निरोप समारंभ, बाजारपेठ म्हणजे दुकानांची उद्घाटनं, तालुक्याचं राजकारण म्हणजे सत्कार, वाढदिवस आणि मेळावे. या सगळ्याला माईकवर एक माणूस लागतो. टीव्हीवर कोट-टाय घालून उभा असलेला सूत्रसंचालक आणि कड्याच्या मंगल कार्यालयात माईक धरून उभे असलेले गुरुजी, दोघांचा धंदा एकच आहे. फरक एवढाच की एकाच्या मागे चाळीस माणसं काम करत असतात आणि दुसरा ती चाळीस जणांची कामं एकटा करतो. माझ्या मते दुसऱ्याचं काम जास्त अवघड आहे, आणि ते का हेच इथे सांगायचं आहे.

पूर्वी हे काम मराठीच्या मास्तरांकडे आपोआप जायचं. अक्षर चांगलं म्हणून फळा त्यांच्याकडे, आवाज खणखणीत म्हणून माईक त्यांच्याकडे. मोबदला म्हणजे नारळ, फार तर शाल. मास्तरांची एक डायरी असायची, तिच्यात चारोळ्या, शेर, सुविचार प्रसंगवार लिहिलेले. लग्नाला वेगळे, सेवापूर्तीला वेगळे, दशक्रियेला वेगळे. कार्यक्रमाचा क्रम पाठ : अध्यक्षांची सूचना, तिला अनुमोदन, प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, मनोगतं, अध्यक्षीय समारोप, आभार. या क्रमाची आपण थट्टा करतो, पण त्यात शहाणपण आहे. मुख्य पाहुणा उशिरा येणार हे गृहीत धरूनच तो बांधलेला आहे. स्वागतगीत, प्रास्ताविक आणि परिचय हे तिन्ही भाग हवे तेवढे ताणता येतात, आणि पाहुण्याची गाडी फाटकात दिसली की दोन मिनिटांत गुंडाळता येतात.

मास्तरांच्या कानावर तेव्हा नमुना होता तो रेडिओचा. रेडिओ सिलोनवर 1952 पासून अमीन सयानींची बिनाका गीतमाला चालली, आणि 'बहनों और भाइयों' या त्यांच्या हाकेनं देशभरातल्या हौशी निवेदकांची दोन पिढ्यांची बोलण्याची ढब ठरवली. क्रिकेटचं मराठी समालोचन म्हटलं की बाळ ज. पंडित. पडद्यावरचा नमुना यायला वेळ लागला. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पण ते मुंबई-पुण्याच्या परिघातलं. ग्रामीण भागात गावोगाव टीव्ही पोचला तो 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांनंतर, छोटी प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिली तेव्हा. चौकातल्या एका घरी संच, आणि बातम्यांना अर्धी आळी त्या ओसरीवर.

त्या दूरदर्शनवरचे चेहरे पाहिले तर लक्षात येतं, की सूत्रसंचालक असा वेगळा प्राणी तेव्हा नव्हताच. स्मिता पाटील आधी मुंबई केंद्रावर मराठी बातम्या वाचायच्या आणि मग सिनेमात गेल्या. जीन्सवर साडी गुंडाळून त्या बातम्यांना बसत, ही गोष्ट आता दंतकथेइतकी प्रसिद्ध आहे. कॅमेऱ्यात कंबरेच्या वरचंच दिसतं हे त्यांनी लवकर ओळखलं होतं. 'ती फुलराणी' गाजवणाऱ्या भक्ती बर्वेही बातम्या वाचत. बालसाहित्य लिहिणारे अनंत भावे बातम्या वाचत. प्रदीप भिडे यांनी तर हयातीचा मोठा काळ त्या एका खुर्चीत काढला, आणि 2022 मध्ये ते गेले तेव्हा एका अख्ख्या पिढीला घरातला आवाज गेल्यासारखं वाटलं. सुहासिनी मुळगावकर निर्मात्याही होत्या आणि पडद्यावरही दिसायच्या. मुंबई केंद्रावरूनच तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' 1972 ते 1993 अशी एकवीस वर्षं चालला. या सगळ्यांची भाषा धुतल्या कपड्यासारखी स्वच्छ, पण त्यांच्यात आणि ओसरीवर बसलेल्या बायकांमध्ये एक टेबल कायम मध्ये होतं.

रंगमंचावर मात्र ते टेबल तेव्हाच हललं होतं. निवेदन आणि मुलाखत हाच पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो हे मराठीत करून दाखवणाऱ्यांत पुण्याच्या सुधीर गाडगीळांचं नाव पहिल्या रांगेत घ्यावं लागतं. नोकरी सांभाळून संध्याकाळी निवेदन करणारे पुष्कळ होते. फक्त बोलण्यावर घर चालवणं ही वेगळी गोष्ट. गाण्यांच्या कार्यक्रमांत भाऊ मराठे, मुलाखतींत मंगला खाडिलकर, अशी नावं नंतर पोस्टरवर येऊ लागली. निवेदकाचं नाव पोस्टरवर छापायचं असतं, हेच मुळात नवीन होतं.

पुढे 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी वाहिनी आली, तीच आजची झी मराठी. आणि सप्टेंबर 2004 मध्ये तिच्यावर 'होम मिनिस्टर' सुरू झाला. आदेश बांदेकर त्याआधी दूरदर्शनवर 'ताक धिना धिन' करायचे. तिथे स्टुडिओ होता, वाद्यवृंद होता. इथे ते दारात येऊन उभे राहिले. वहिनी, आत येऊ का? चहा, उखाणा, नवऱ्याबरोबरचं भांडण, सासूचं मत, मग फुगे, चेंडू, बादल्या असले घरगुती खेळ, आणि जिंकणाऱ्या वहिनीला पैठणी. सूत्रसंचालकाला महाराष्ट्रानं पहिल्यांदा नात्यानं हाक मारली, भावोजी. नात्याची निवड अचूक होती. दीर आणि भावोजी यांच्याशी मराठी घरात बाईला चार पाहुण्यांदेखत हसता-बोलता येतं, थट्टा करता येते, आणि कोणाच्या भुवया वर जात नाहीत. दादा म्हटलं असतं तर थट्टा गेली असती, सर म्हटलं असतं तर गप्पाच गेल्या असत्या. कार्यक्रम दीड दशकाहून अधिक चालला, आणि 2022 च्या 'महामिनिस्टर' पर्वात तर पैठणी अकरा लाखांची झाली.

पण याचा मोठा परिणाम टीव्हीबाहेर झाला. 'कोण होईल मराठी करोडपती'ची नक्कल गावात करता येत नाही, कारण त्याला खुर्च्या, संगणक आणि करोड लागतात. 'होम मिनिस्टर'ला लागतं काय? एक माईक, दोन बादल्या, पाच-पन्नास फुगे, एक साडी. म्हणून तो फ्लेक्सवर 'खेळ पैठणीचा' झाला आणि गणेशोत्सव, नवरात्र, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि निवडणुकीच्या आधीचे महिने यांत महाराष्ट्रभर पसरला. नगर-बीडच्या पट्ट्यात फ्लेक्सवर साडीचा फोटो छोटा आणि आयोजकाचा फोटो मोठा असतो, ही एक स्थानिक दुरुस्ती.

हा खेळ चालवणं किती कठीण आहे ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. समजा, नवरात्रात देवीपुढच्या मंडपात तीनशे बायकांनी नावं दिली. संध्याकाळी सातचा कार्यक्रम आठला सुरू झाला. रात्री दहाला भोंगा बंद करावा लागतो, कारण ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ही वेळ सणासुदीसाठी बारापर्यंत वाढवू शकतं, पण आजचा दिवस त्यांतला असेलच असं नाही. म्हणजे हातात दोन तास. त्यातला अर्धा तास आयोजकांच्या भाषणाला आणि सत्काराला गेला. उरलेल्या दीड तासात तीनशेतून एक बाई निवडायची आहे, तीही अशी की उरलेल्या दोनशे नव्याण्णव चिडून घरी जाणार नाहीत.

संगीत खुर्ची लावली तर फेरीला एकच बाई बाद होते. दोन मिनिटांची फेरी धरली तरी दहा तास लागतील. म्हणून जाणता निवेदक सुरुवात करतो तळ्यात-मळ्यातनं. सगळ्या एकदम खेळतात, हुकुमागणिक दहा-वीस चुकतात, आणि चुकलेली बाई स्वतःच हसत बाजूला होते, तिला कोणी काढावं लागत नाही. पाच-सात मिनिटांत तीनशेच्या चाळीस होतात. मग उखाणे. इथे गाडी मुद्दाम हळू करायची, कारण उखाणा हाच बघणाऱ्यांचा खरा खेळ. चाळीसच्या दहा झाल्या की मंचावर घ्यायचं, फुगे फोडायला लावायचे, आणि शेवटच्या दोघींसाठी संगीत खुर्ची किंवा बादलीत चेंडू. लकी ड्रॉच्या चिठ्ठ्या शेवटपर्यंत राखून ठेवायच्या, नाहीतर बाद झालेल्या बायका नातवंडं घेऊन घरी जातात आणि शेवटच्या फेरीला समोर सतरंज्या उरतात. उखाण्यात एखादी अडखळली तर तिची फजिती होऊ द्यायची नाही, पुढचा शब्द हळूच सुचवायचा. विधवा बाई रांगेत असेल तर नवऱ्याच्या नावाचा हट्ट धरायचा नाही. मुलाचं, नातीचं नाव घ्या म्हणायचं, आणि तेही आधीच सगळ्यांना सांगून टाकायचं, म्हणजे एकटीवर नजर जात नाही. ही अक्कल कुठल्याही अँकरिंगच्या शिबिरात शिकवत नाहीत.

आता याच्या शेजारी टीव्हीचा स्टुडिओ ठेवून बघा. तिथे सूत्रसंचालकाच्या कानात एक बारीकसं यंत्र असतं आणि त्यातून नियंत्रण कक्षातला दिग्दर्शक बोलत असतो : डावीकडच्या स्पर्धकाकडे वळा, वीस सेकंद उरली, हा प्रश्न सोडा. तोंडानं एक बोलायचं आणि कानानं दुसरं ऐकायचं ही कसरत सरावानं जमते. समोर फ्लोअर मॅनेजर बोटांनी वेळ दाखवतो. वाक्यं टेलिप्रॉम्प्टरवर. ही युक्ती अमेरिकेत 1950 च्या सुमाराला निघाली. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे तिरपी काच ठेवतात, खालच्या पडद्यावरची अक्षरं तिच्यात उमटून वाचणाऱ्याला दिसतात, आणि काचेमागून भिंगाला मात्र फक्त वाचणाऱ्याचा चेहरा दिसतो. म्हणून वृत्तनिवेदक आपल्या डोळ्यांत बघून बोलतोय असं वाटतं. तो प्रत्यक्षात वाचत असतो. चुकलं तर पुन्हा, कारण बहुतेक मनोरंजनाचे कार्यक्रम आधी चित्रित होतात, आणि अर्ध्या तासाच्या भागासाठी कित्येक तास काम चालतं. स्पर्धकांची चाचणी कोणीतरी आधी घेतलेली असते, रडणारी गोष्ट कोणाकडे आहे हे कागदावर आलेलं असतं. सूत्रसंचालकाचं कसब यानं कमी होत नाही. पण वेळ सांभाळणं, माणसं निवडणं, चूक झाकणं ही तीन ओझी दुसऱ्यांच्या खांद्यावर असतात.

कड्यात संकलक नाही. कानात दिग्दर्शकाऐवजी कार्यकर्ता असतो, आणि तो मागून येऊन चिठ्ठी देतो.

त्या चिठ्ठ्या म्हणजे लग्नातल्या निवेदकाच्या धंद्याचं खरं मर्म. आपल्याकडच्या लग्नात मंगलाष्टकांआधी शुभाशीर्वादांचा भाग असतो. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, मंडपात हजार-दोन हजार माणूस, आणि मंचावर माजी, आजी, भावी अशा तिन्ही प्रकारचे पुढारी. कोणाचं नाव आधी घ्यायचं? पदाप्रमाणे घ्यावं तर माजी आमदार आणि विद्यमान सभापती यांत मोठं कोण? वयाप्रमाणे घ्यावं तर वराच्या मामांचं काय? दोन विरोधी गटांचे पुढारी एकाच वेळी मंडपात शिरले तर एकाचं नाव दुसऱ्याच्या आधी उच्चारणं हेसुद्धा राजकारण होतं. मुरलेले गुरुजी यावर दोन तोडगे वापरतात. पहिला, नावं घेण्याआधी 'नावं घेण्यात मागेपुढे होईल, कृपया राग मानू नये' अशी जाहीर सूट मागून ठेवायची. दुसरा, एका दमात तीन नावं घ्यायची आणि सगळ्यांच्या शेवटी एकच 'यांचं मनःपूर्वक स्वागत' लावायचं, म्हणजे कोणालाही वेगळं स्वागत मिळालं असं होत नाही. चिठ्ठी वाचताना आडनावाचा उच्चार चुकला तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. शिवाय एखादं नाव राहिलं की ते कोणी मुद्दाम राहू दिलं याची चर्चा पंगतीत सुरू होते. आशीर्वाद देणाऱ्यानं भाषण लांबवलं तर त्याला थांबवण्याचा अधिकार निवेदकाला नाही, तरी मुहूर्त टळला तर बोल त्यालाच. मग तो 'भटजींनी अक्षता वाटायला सांगितल्या आहेत' असं माईकवर न बोलता, पण वक्त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणतो.

यंत्राची बाजूही त्यालाच बघावी लागते. माईक शिट्टी का मारतो, हे साऊंडवाल्याइतकंच निवेदकाला ठाऊक हवं. बॉक्समधून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरला की तो पुन्हा मोठा होऊन बॉक्समधून निघतो, पुन्हा शिरतो, आणि क्षणात ती किंकाळी तयार होते. उपाय साधा, माईक घेऊन बॉक्सच्या पुढ्यात जायचं नाही. पण वहिनींची मुलाखत घेत घेत गर्दीत शिरलेला नवखा निवेदक नेमका तिथेच जाऊन उभा राहतो. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि जाळीवर धप्प आवाज येतो, म्हणून माईक ओठांसमोर सरळ न धरता जरा तिरका धरायचा. आवाजाचं राखणं तर पोटापाण्याचंच. लग्नसराईत रोज तीन-चार तास घसा ताणून ओरडलं तर स्वरतंतूंवर गाठी येतात. गायक, शिक्षक आणि निवेदक यांचा हा सामाईक आजार. अनुभवी माणूस गर्दी गोंगाट करू लागली की आवाज वाढवत नाही, उतरवतो. समोरचे आपोआप कान देतात, निदान पहिल्या दहा रांगा तरी.

कुस्तीच्या फडावरचा निवेदक ही वेगळी जात आहे, आणि माझं मत विचाराल तर या धंद्यातली सगळ्यात विद्वान. यात्रेत दुपारी फड लागला की त्याला प्रत्येक मल्लाचं गाव, तालीम, वस्ताद, आधीच्या लढती तोंडपाठ लागतात, आणि डाव पडत असतानाच त्याचं नाव सांगावं लागतं : पट, ढाक, घिस्सा, कलाजंग. कागद हातात धरून हे होत नाही. पश्चिम महाराष्ट्रात शंकर पुजारींसारख्यांनी या निवेदनाला स्वतःचं नाव मिळवून दिलं. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून शर्यतीच्या घाटात बोलणाऱ्या निवेदकांनाही पुन्हा दिवस आले. बैलजोडी घाटात काही सेकंदच असते. तेवढ्यात गाडामालकाचं नाव, बैलांची नावं, वेळ आणि चार आरोळ्या बसवायच्या. मी म्हणेन, बातम्या वाचणाऱ्याला महिनाभर घाटात पाठवावं.

एवढं कसब असूनही आष्टी तालुक्यात यावर वर्षभर घर चालवणं अवघड, त्याचं कारण इथलं वर्षच तसं आहे. बीड जिल्ह्यातली ऊसतोडणीची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन बाहेर पडतात आणि कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे गाळप संपलं, की परततात. म्हणून वाड्या-वस्त्यांवरची लग्नं उन्हाळ्यात दाटतात. पाडव्याच्या सुमाराला यात्रांचे दिवस. तालुक्यातच सावरगावच्या गडावर मच्छिंद्रनाथांची यात्रा भरते, ती पाडव्याला. मग चैत्र-वैशाखातल्या लग्नतिथी, एकेका दिवशी चार-चार मंडप. आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात, तुळशीच्या लग्नापर्यंत. मधल्या काळात हरिनाम सप्ताह, गणपती आणि नवरात्र. अधिक महिना आला की तेवढ्या तिथी बुडाल्या. निवडणूक लागली की मात्र एका महिन्यात वर्षाची कसर निघते, पण तिथे पथ्य असं की एका गटाच्या सभेत आवाज दिला की दुसऱ्या गटाच्या घरचं लग्न हातचं जातं. म्हणून शहाणे लोक निवडणुकीत प्रचारगाडीवरचा ध्वनिमुद्रित आवाज विकतात आणि मंचावर उभे राहत नाहीत. आवाज कोणाचा हे सगळ्यांना कळतंच, पण माणूस दिसला नाही की निभावतं.

कड्यातून टीव्हीपर्यंतची वाट कशी जाते? एक वाट आकाशवाणीवरून. नगरलाही केंद्र आहे, बीडलाही. आवाजाची चाचणी द्यायची, उत्तीर्ण झालं की 'वाणी' नावाचं प्रशिक्षण, आणि मग नैमित्तिक निवेदक म्हणून महिन्यातल्या मोजक्या ड्युट्या. पैसे बेताचे, पण उच्चाराला शिस्त लागते आणि घड्याळाकडे बघून वाक्य संपवण्याची सवय. दुसरी वाट स्पर्धांची. डॉ. निलेश साबळे 'महाराष्ट्राचा सुपरस्टार' जिंकून आले, 'फू बाई फू'मधून पुढे सरकले आणि ऑगस्ट 2014 पासून 'चला हवा येऊ द्या'चे सूत्रधार झाले. तिसरी वाट वृत्तवाहिन्यांची. 2007 च्या आसपास 'स्टार माझा', 'झी 24 तास' अशा मराठी वृत्तवाहिन्या आल्या आणि पत्रकारिता शिकलेल्या मुलामुलींना पडद्यावरची नोकरी दिसू लागली. पण तिथे बोलण्याइतकंच बातमीचं भान लागतं. अडीच तास थेट प्रक्षेपण रेटताना समोर प्रॉम्प्टर कोरा असतो, आणि त्या वेळी कड्यातला निवेदक कदाचित जास्त टिकेल.

अडचण येते ती बोलीची. मराठवाड्यातल्या मुलाला पहिल्यांदा सांगतात, 'हाय, न्हाई, कामून' सोड. तो सोडतो, आणि त्याच्याबरोबर बोलण्यातली चवही सोडतो. मग डायरीतले संस्कृतप्रचुर अलंकार चढवतो आणि 'याप्रसंगी मी विनम्रपणे आमंत्रित करू इच्छितो' छापाचं बोलू लागतो. उलटा पुरावा आपल्याच मुलखात आहे. प्रा. लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा मराठवाडी बोलीतला एकपात्री प्रयोग जगभर नेला. एकट्यानं बावन्न पात्रं. पुढे तो प्रयोग ज्यानं पुन्हा उभा केला तो संदीप पाठक बीड जिल्ह्यातल्याच माजलगावचा. सिनेमात मकरंद अनासपुरेंनी हीच बोली तिकीटबारीवर चालवली. शुद्ध उच्चार यायलाच हवेत, शपथविधीला 'न्हाई' चालणार नाही. पण केव्हा प्रमाण बोलायचं आणि केव्हा ओसरीवरचं, हे ठरवता येणं हीच या धंद्यातली खरी पदवी आहे, आणि भावोजींनी दारात उभं राहून तेच केलं.

गेल्या काही वर्षांत एक बदल झपाट्यानं झाला आहे. 'खेळ पैठणीचा' चालवायला आता बायका उभ्या राहू लागल्या. समोर सगळ्या बायका, खेळणाऱ्या बायका, मग माईकवर भावोजी कशाला, वहिनीच का नको, हा प्रश्न बचत गटांच्या मेळाव्यांतून सुरू झाला असावा. यांतल्या बऱ्याच जणी शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा ब्यूटी पार्लरवाल्या. त्यांच्या पुढ्यात बाया जास्त मोकळ्या नाचतात, आणि उखाण्यात नवऱ्याची खोडी काढायला कचरत नाहीत. रील्समुळे त्यांची कामं बाहेरच्या तालुक्यांत जाऊ लागली. पण रात्री अकराला जामखेड-कडा रस्त्यावरून एकटीनं परत येणं हा प्रश्न पुरुष निवेदकाला कधी नव्हता. म्हणून त्या फोनवरच दोन अटी सांगतात : मानधनाची निम्मी रक्कम आगाऊ, आणि आयोजकांची भाषणं कितीही राहिली तरी साडेनऊला मी माईक ठेवणार. पहिली अट ऐकून मास्तरांच्या पिढीला अजून कसंसं होतं. दुसरीमुळे आयोजक मुकाट्यानं सातला हजर राहू लागले आहेत.